कातारी : माळेच्या मण्यामागचा हात



हे वाचत असताना गळ्यातल्या तुळशीमाळेचा एक मणी दोन बोटांत धरा आणि फिरवून पाहा. तुळशीची काडी कधी सरळ नसते. कुठे फुगीर, कुठे बारीक, मधेच फांदी फुटल्याची खूण. त्याच काडीचा हा मणी मात्र सगळीकडून सारखा आहे आणि त्याच्या बरोबर मधून आरपार छिद्र गेले आहे. झाडाला असा मणी लागत नाही. कोणीतरी ती काडी वाळवली, कापली, फिरती ठेवली आणि फिरत असताना तिला पटाशी लावली, तेव्हा तो झाला. माळ आपल्याला कोणी घातली, हे आपण जन्मभर सांगतो. महाराजांचे नाव, तिथी, ठिकाण सगळे ध्यानात असते. ती माळ केली कोणी, हे विचारायचे मात्र राहून जाते.

आपला संप्रदाय उद्योग करणाऱ्या माणसांचा आहे. गोरोबाकाकांचे नाव घेतले की तेरचे चाक आणि चिखल दिसतो. सावतोबा म्हटले की अरणचा मळा, नरहरी महाराज म्हटले की सोनाराची ऐरण, सेना महाराज म्हटले की हातातला आरसा. ज्याच्या त्याच्या धंद्यातूनच त्याला पांडुरंग भेटला, अशी आपली श्रद्धा आहे. या नित्य घेतल्या जाणाऱ्या नावांत लाकूड कातणारा कातारी नाही. पण गंमत अशी की त्याच्या हातचे काम आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात आहे. म्हणून आज त्याच्या विद्येचा इतिहास पाहू, आणि नवा माणूस ही विद्या शिकायला बसतो तेव्हा काय शिकतो, तेही पाहू.

आधी शब्द पाहा. सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्ही क्रिया मराठीने एकाच शब्दात ठेवल्या. चातीवर कापूस फिरतो आणि धागा होतो. यंत्रावर लाकूड फिरते आणि त्याला गोलाई येते. फिरणे हे दोहोंत समान. लाकूड कातणारा तो कातारी, त्याने केलेले काम ते कातीव. जुन्या वाड्यातले लोक ‘कातीव खांब’ म्हणत, तो हाच शब्द. पुढे उत्तरेकडचा ‘खराद’ आला, इंग्रजी अमलात ‘लेथ’ आला, आणि आता खेड्यातला सुतारही लेथच म्हणतो. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ मध्ये छापले गेले. त्यात कारागीर जातींची जी यादी आहे, तीत कासार, कुंभार, लोहार, सोनार, सुतार यांच्या पंक्तीला कातारीही बसलेला दिसतो. म्हणजे त्या काळी हा वेगळा ओळखला जाणारा धंदा होता. आज ते नाव आडनाव म्हणून भेटते. धंदा म्हणून क्वचितच.

त्याचे काम मात्र घरोघर आहे. सकाळी पोळी लाटता ते लाटणे कातीव आहे. नातवाच्या पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे इवले खांब, पोरांचा भोवरा, हे सगळे कातकाम. दिंडीत या. विणेकऱ्याच्या वीणेच्या खुंट्या कातलेल्या. पखवाजाच्या वाद्या ताणून धरणारे लाकडी गट्टे कातलेले. ते खालीवर ठोकूनच पखवाज सुरात येतो. टाळ कासाराचा, पताका शिंप्याची, मडके कुंभाराचे, तसा हा वाटा कातारीचा.

हा लेख कळवणहून लिहितो आहे, आणि या विद्येची एक फार जुनी कथा आमच्या तालुक्याच्या डोंगरांशी जोडलेली आहे. सप्तशृंग गड कळवण तालुक्यात येतो, हे आपण जाणता. गडासमोर मार्कंडेय ऋषींचा डोंगर आहे. मार्कंडेय ऋषी त्या डोंगरावर बसून भगवतीला पुराण ऐकवत आणि ते नीट ऐकू यावे म्हणून जगदंबेने मान किंचित कलती केली, अशी इकडची पिढ्यांपिढ्यांची श्रद्धा आहे. गडावर दर्शनाला गेलेल्याने ती कललेली मान पाहिलेली असते. ज्या मार्कंडेय पुराणात देवीमाहात्म्य, म्हणजे आपली सप्तशती, येते त्याच पुराणात सप्तशतीच्या थोडे आधी एक कातकामाची कथा आहे.

विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा सूर्याला दिली होती. सूर्याचे तेज तिला सोसेना. आपल्या जागी छायेला ठेवून ती निघून गेली. सूर्याला हे कळले, तेव्हा तो सासऱ्याकडे आला. विश्वकर्म्याने त्याला यंत्रावर चढवले, फिरवले आणि त्याचे तेज तासून सोसवेल एवढे केले. विष्णुपुराणातही ही कथा आहे; तिथे तेजाचा आठवा अंश तासला, असे सांगितले आहे. त्या यंत्राला संस्कृतात शब्द आहे ‘भ्रम’. भ्रम म्हणजे फिरणे, भ्रम म्हणजे फसगत, आणि भ्रम म्हणजे कातारीचे यंत्रही. जे तेज तासून निघाले ते वाया गेले नाही. त्यातून विश्वकर्म्याने विष्णूचे सुदर्शन चक्र केले, शंकराचा त्रिशूळ केला, कार्तिकेयाची शक्ती केली. पुढे सप्तशतीत देवांनी देवीला शस्त्रे दिली, तेव्हा विष्णूने आपल्या चक्रातून चक्र आणि शंकराने आपल्या त्रिशुळातून त्रिशूळ काढून दिला. गडावरच्या अठरा हातांच्या भगवतीकडे पाहताना हे आठवावे. पुराणाच्या हिशेबाने तिच्या हातातल्या शस्त्रांचे मूळ सासऱ्याने जावयाला चढवलेल्या त्या यंत्रावर आहे.

कथेला कथा म्हणून घेतले तरी तिच्यातून इतिहासाची एक गोष्ट कळते. ज्यांनी ही कथा रचली आणि ज्यांनी ऐकली, त्यांना फिरत्या वस्तूवर धार धरून ती गोल करण्याची रीत चांगली परिचयाची होती. नाहीतर सूर्य यंत्रावर चढवला, हे ऐकणाऱ्याला समजलेच नसते.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ. सगळ्यात साधे यंत्र म्हणजे दोन खुंट, त्यांच्यामध्ये आडवे अडकवलेले लाकूड, आणि त्या लाकडाला वेढा दिलेली दोरी. दोरी एकीकडे ओढली की लाकूड एका दिशेने फिरते, दुसरीकडे ओढली की उलट फिरते. मिसर देशात पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताची समाधी आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. तिच्या भिंतीवर असे यंत्र कोरलेले आहे. एक माणूस दोरी ओढतो आहे, दुसरा हत्यार धरून कातकाम करतो आहे. म्हणजे एका वस्तूला दोन माणसे लागत. दोरी कमानीला बांधली तेव्हा एकाच माणसाला काम जमू लागले. एका हाताने कमान पुढेमागे न्यायची, दुसऱ्या हाताने पटाशी धरायची, आणि पटाशी हलू नये म्हणून पायाचा आधार द्यायचा. आपल्या देशातला कातारी शतकानुशतके जमिनीवर बसून असेच काम करीत आला. सुताराचा सामता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कमान ओळखीची वाटेल. त्याच कमानीने भोक पाडता येते आणि त्याच कमानीने लाकूड कातता येते.

या कमानीच्या यंत्राची एक अडचण होती. लाकूड कातणाऱ्याकडे फिरत येते तेव्हाच धार लागते. कमान परत जाताना लाकूड उलट फिरते, तेव्हा हत्यार केसभर मागे घ्यावे लागते. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ थांबणे. युरोपात मध्ययुगात डोक्यावर लवचीक दांडा आणि खाली पायटा लावून दोन्ही हात मोकळे केले, पण उलटसुलट फिरणे राहिलेच. पुढे जड चाक आणि पायटा जोडून लाकूड एकाच दिशेला सलग फिरू लागले. १८०० च्या सुमारास इंग्लंडात हेन्री मॉड्स्ली याने धातूच्या लेथवर हत्यार पक्के आवळून बसवले आणि ते स्क्रूने सरकवले. तिथून कारखान्यांचे युग वेगाने पुढे गेले. मग वाफ आली, वीज आली. लोखंड कातणाऱ्याच्या हातातून हत्यार सुटले आणि यंत्रात गेले. लाकूड कातणाऱ्याच्या हातात मात्र ते राहिले. आजही विजेच्या लेथवर लाकूड फिरवणारे यंत्र असते, पण पटाशी धरणारा माणूसच असतो. म्हणून ही विद्या पुस्तकात पूर्ण मावत नाही. ती हाताहाती जावी लागते.

आता पंढरीला चला. पंढरपुरात तुळशीच्या माळा करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या काशीकापडी समाजातली कुटुंबे करीत आली आहेत. आषाढी-कार्तिकीला महाद्वाराच्या वाटेवर आपण ज्या माळा घेतो, त्यांतल्या कितीतरी या घरांत ओवलेल्या असतात. तिकडे व्रजात, मथुरा-वृंदावनाच्या परिसरातही तुळशीचे मणी कातण्याचा असाच जुना धंदा आहे. काम दिसायला सोपे. तुळशीचे झाड जून झाले, मंजिऱ्या येऊन गेल्या, वाळले, की त्याच्या बुंध्याचा जाड, लाकूड झालेला भाग घ्यायचा. साल काढायची, वाळवायचा, बेताचे तुकडे करायचे, मधोमध छिद्र पाडायचे, फिरवून गोल करायचे, ओवायचे. पूर्वी कमान होती, आता बहुतेक ठिकाणी लहान मोटर असते.

यातली खरी कसोटी छिद्राची आहे. तुळशीची काडी ती किती जाड? छिद्र जरा तिरके गेले तर मणी एका बाजूला पातळ होतो आणि ओवताना किंवा पुढे घामापाण्यात फुटतो. मणी गोल व्हायचा तो त्या छिद्राभोवती. मधला नेम चुकला की बाहेरची गोलाई कितीही गुळगुळीत करा, मणी डुगडुगतो. आणि हे एकदा करायचे नाही. जपमाळेत १०८ मणी. एका मण्याला सगळे मिळून एकच मिनिट लागले असे धरले, तरी १ तास ४८ मिनिटे होतात. त्यात फुटलेले, वाकडे निघालेले, बाजूला टाकलेले मणी धरलेले नाहीत. आपण माळ ओढतो तेव्हा मण्यामागे एक नाम घेतो. कोणीतरी त्या प्रत्येक मण्यामागे एक लहानसा नेम आधीच पाळलेला असतो.

हा हात तयार कसा होतो? वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी सुतारकाम असेल, कोणाचा मुलगा शिकू पाहत असेल, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. शिकणाऱ्याने तुळशीपासून आरंभ करू नये. एक वीत-दीड वीत लांबीचा, दोन इंच जाडीचा, गाठ नसलेला, सरळ रेषांचा तुकडा घ्यावा. सागाची उरलेली कांब चालेल, कडुनिंब चालेल. पहिले काम लाटण्याचे धरावे. ते बिघडले तरी घरात कोणी रागावत नाही आणि जमले तर रोज हाताला लागते.

पहिला धडा मध्य शोधण्याचा. चौकोनी तुकड्याच्या टोकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारायच्या. त्या जिथे छेदतात तो मध्य. दोन्ही टोकांना असे करायचे आणि त्या दोन बिंदूंवरच लाकूड यंत्रात अडकवायचे. बिंदू थोडा चुकला तर लाकूड थरथरते, आवाज करते, यंत्र हादरवते. मग चारही कोपरे रंध्याने मारून तुकडा आठकोनी करून घ्यायचा, म्हणजे पटाशीला धक्के कमी बसतात. हत्यार टेकवायची पट्टी लाकडाच्या अगदी जवळ आणि मध्याच्या उंचीला आणायची. यंत्र सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून पाहायचे, कुठे अडत तर नाही ना. आणि पहिला वेग कमी ठेवायचा. दोन-अडीच इंच जाडीच्या खडबडीत तुकड्याला मिनिटाला ५०० ते ८०० फेरे पुरेत.

त्याआधीचे एक सांगायचे म्हणजे कपड्यांचे. वारकऱ्याने हे नीट ऐकावे. लेथपुढे उभे राहताना उपरणे काढून ठेवायचे. सदऱ्याच्या बाह्या घट्ट दुमडायच्या. हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या लाकडाने मोजा ओढला तर हात सोबत जातो. बायाबापड्यांनी केस बांधून पदर खोचून घ्यायचा. आणि गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत घ्यायची. माळ बाहेर लोंबत ठेवून फिरत्या यंत्रावर वाकणे ही भक्ती नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला फडके हवेच. सागाचा बारीक भुसा कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधतो.

दुसरा धडा हाताचा. नवा माणूस पटाशी घट्ट धरतो आणि जोराने दाबतो. त्याला वाटते, जोर लावला की काम लवकर होईल. होते उलटे. धार लाकडात रुतते, लाकूड हिसका देते, पटाशी उडते किंवा लाकडाचा ढलपा निघतो. जाणता माणूस आधी पटाशीच्या धारेमागची तिरपी पाठ फिरत्या लाकडावर नुसती टेकवतो. अजून काहीच कापले जात नाही. मग मूठ हळूहळू वर करतो, धार खाली येते, आणि जिथे ती लाकडाला भेटते तिथून लांब, मऊ सालपट निघू लागते. जोर लाकडाच्या फिरण्यात असतो. हाताने फक्त जागा धरायची असते. हे तोंडाने सांगायला दोन वाक्ये लागतात, पण हाताला कळायला कितीतरी लाकूड खर्ची पडते.

तिसरा धडा रेषांचा. लाकूड कातताना उंच भागाकडून खोलगट भागाकडे उतरत यायचे, चढत जायचे नाही. उतरताना वरच्या रेषेला खालच्या रेषेचा आधार असतो. चढताना आधार नसतो आणि रेषा उचकटतात. मण्याला दोन उतार असतात, म्हणून मणी दोन्ही अंगांनी, माथ्यावरून खाली असा कातायचा. चौथा धडा धारेचा. बोथट पटाशीला जास्त दाबावे लागते, आणि दाबले की अपघात होतो. म्हणून शिकाऊ माणसाचा बराच वेळ धार लावण्यात जातो. त्याला तो वेळ फुकट गेला असे वाटते. पण पखवाज शिकणारा जसा आधी साधे बोल घोटतो, तसेच हे आहे.

इथे कुंभाराच्या चाकाची आठवण येते. गोरोबाकाकांच्या चाकावरही वस्तू फिरते आणि हात एका जागी राहतो. पण तिथे माती हाताबरोबर वाढते. मडके बिघडले तर गोळा पुन्हा मळता येतो. लाकडाचे तसे नाही. पटाशीने काढले ते काढले. ते पुन्हा चिकटत नाही. म्हणून कातारी घाईने खोल जात नाही. थोडे काढतो, थांबतो, बोटाने चाचपतो, पुन्हा थोडे काढतो. कुंभार रचतो, कातारी कमी करतो. दोघांचीही चूक मात्र एकाच जागी होते, मध्य सुटला की.

ही विद्या शिकायला कोणी लहान होत नाही, याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडी संस्थानात अठराव्या शतकापासून लाकडी खेळणी, लाखकाम आणि गंजिफा यांची परंपरा होती. लाखकामात लाकूड लेथवर फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्याला लावतात. फिरण्याच्या घर्षणाने लाख तापून वितळते आणि लाकडावर बसते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच रीतीने होतात. तिथे त्यासाठी जे लाकूड वापरतात, ते आपल्या रानातल्या काळ्या कुड्याचे. सावंतवाडीत विसाव्या शतकात ही कला विझत आली. जाणते चितारी थोडे उरले. तेव्हा संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिरापाशी बसून ती समजून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना जागा करून दिली. राजघराण्यातल्या माणसांनी चिताऱ्यापुढे शिकाऊ म्हणून बसावे, ही गोष्ट आपल्या संप्रदायाला नवी वाटू नये. आपल्याकडे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. विद्येच्या बाबतीतही तेच करावे लागते, नाहीतर विद्या म्हाताऱ्याबरोबर जाते.

आणि नेमका हाच प्रश्न आज तुळशीच्या मण्याचा आहे. बाजारात माळा भरपूर आहेत. मण्याच्या आकाराचे पाते लावलेल्या यंत्राने एका दाबात मणी निघतो, तो कोणत्याही लाकडाचा असला तरी दिसायला सारखाच. प्लास्टिकचे मणी त्याहून स्वस्त. यंत्राशी आपले वैर नाही. मोटर आली म्हणून कातणाऱ्याच्या मनगटाचे आणि खांद्याचे कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तुळस म्हणून दुसरेच काही गळ्यात पडत असेल, तर ती माळेची फसवणूक आहे. आणि खरा मणी करणाऱ्याला त्याच्या वेळेचे दाम मिळत नसेल, तर त्याच्या घरातला पोरगा पटाशी कशाला हातात धरील? तो दुसरीकडे कामाला जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आपण काय करू शकतो? पुढच्या वेळी माळ घेताना ती हातात घेऊन नीट पाहा. छिद्राच्या कडेला लाकडाच्या रेषा दिसतात का? मण्यामण्यांत किंचित फरक आहे का? साच्यातून ओतल्यासारखे, चकचकीत, एकही रेष नसलेले मणी दिसले तर विचारा. पंढरीत असाल तर जिथे माळ करताना माणूस दिसतो, तिथून घ्या. त्याला विचारा, ‘माउली, हे छिद्र कसे पाडता?’ तो सांगेल, आणि तुम्ही विचारले याचा त्याला आनंद होईल. घासाघीस करण्याआधी १०८ छिद्रांची आठवण ठेवा.

आणि कळवणसारख्या आमच्या भागातल्या माणसांना आणखी एक सांगणे आहे. आपल्या पश्चिमेला सुरगाण्याकडे, डांगाकडे रान आहे. लाकूड ओळखणारी माणसे आहेत. आपल्या अंगणात तुळस आहे. मुले आयटीआयमध्ये जातात. तिथला दोन वर्षांचा टर्नरचा अभ्यासक्रम मुख्यतः लोखंडाचा असतो, पण मध्य काढणे, धार ओळखणे आणि यंत्रापुढे सावध उभे राहणे ही शिस्त तिथेही लागते. अशा एखाद्या मुलाने सुट्टीत गावच्या सुताराकडे बसून एक लाटणे कातावे. दुसऱ्या वर्षी पखवाजाचे गट्टे करून पाहावेत; आठ गट्टे एकसारखे होईपर्यंत हात चांगला वळतो. तिसऱ्या वर्षी, अंगणातल्या वाळलेल्या तुळशीचा बुंधा फेकून न देता, त्याचे मणी करावेत. पहिले फुटतील. फुटू द्या. दिंडीतल्या एका घरात जरी हा हात तयार झाला, तरी त्या दिंडीतल्या माळांची दुरुस्ती, वीणेची खुंटी, पखवाजाचा गट्टा यासाठी कोणाला शहर गाठावे लागणार नाही. फडाच्या जाणत्यांनी एखादी जुनी मोटर, दोन चांगल्या पटाश्या आणि एक कोपरा दिला तर एवढ्यावर सुरुवात होते.

आपल्या संतांनी चाक, मळा, वस्तरा, ऐरण या साऱ्यांत देव पाहिला. कातारीची पटाशी त्यात बसायला कमी नाही. उद्या पहाटे जपाला बसाल तेव्हा पहिला मणी ओढण्याआधी क्षणभर त्या अनोळखी हाताला मनातून नमस्कार करा, आणि येत्या वारीत माळ करणाऱ्या एकाला तरी त्याचे नाव विचारून या. पुढे कोणी तुम्हाला विचारले, की माळ कोणी घातली आणि केली कोणी, तर दोन्ही नावे सांगता आली पाहिजेत.

रामकृष्ण हरी!